शुक्रवारची बॅग

साहेब, सात वर्षांच्या पोरीचं बसलेलं घर तुमच्या बालकल्याण खात्याने मोडलं, आणि तेही माझ्या हातून.

तिला तुम्ही ज्या मावशींकडे सांभाळायला दिलं होतं, त्यांच्या घरी मी दर शुक्रवारी तुमची निळी फाईल घेऊन जायचे. समाजकार्याची विद्यार्थिनी, शिकायला आलेली. दर वेळी पोरीची बॅग भरून दाराशी ठेवलेली दिसायची, अगदी दात घासायच्या ब्रशासकट. मी लिहिलं, ‘मूल या घरात रमलेलं नाही.’ "नजर तयार होतेय तुझी," म्हणत तुम्ही सही ठोकलीत आणि तिला दुसऱ्या घरी हलवलंत.

पोरीला न्यायला गेले तेव्हा मावशींचे डोळे सुजलेले होते. "एरवी ती बॅग माळ्यावर असते गं. फक्त शुक्रवारी खाली येते."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे? मान खाली घालून लिहीत तर असायचीस."

गाडीत मी पोरीला विचारलं. तिने माझ्या मांडीवरच्या फाईलकडे बोट दाखवलं. "ही आली की घर बदलतं ना, ताई. मागच्या खेपेला घाईत माझा चष्मा तिकडेच राहिला. म्हणून आता मी आधीच भरून ठेवते."



आज नव्या घरच्या भेटीसाठी तुम्ही पुन्हा तीच निळी फाईल माझ्या हातात दिलीत. साहेब, ती काखेत मारून शुक्रवारी मी कुठल्या तोंडाने तिच्या दारात उभी राहू, तेवढं सांगा.