उबेचा कोपरा

माल्सुनबाईंनी तोटी सोडली आणि घर तापवणाऱ्या, फरशीखालच्या नळ्यांतलं शाईसारखं काळं पाणी बादलीत काढायला घेतलं.

"आई, मिस्त्रीला बोलावू या ना," अंथरुणातून हेरान म्हणाली. सून कालच दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं परतली होती.

"त्याच्या हाताला काय सोनं लागलंय? पड गुपचूप!"

नितळ पाणी आलं तसा बाईंनी बॉयलर लावला. फरशीखाली पाणी झोपेत गुणगुणल्यासारखं फिरू लागलं, घर उबेवर तरंगू लागलं. सगळ्यात उबदार कोपरा बाईंचा. तिथं कुणी पाठ टेकायची हिंमत करत नसे. त्यांनी तिथं सुनेची गादी ओढली, समुद्री शेवाळाचं वाफाळतं सूप पुढ्यात ठेवलं.

हेराननं सुपाकडे पाहिलं. "आई, हे तर बाळंतिणीला देतात."

"मग? बाळ नाही म्हणून तुझं बाळंतपण झालंच नाही होय? पी मुकाट्यानं, आणि नीज."