छावणीचं मत

थायलंडमधल्या लोपबुरीच्या लष्करी छावणीत कर्नल फायरोटनी मतदानाच्या आदल्या दिवशी बजावलं, "मत आपल्या सेनापतींच्या पक्षालाच!" हवालदार कमोनने कडक सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांच्याच मागे रांगेत उभा राहून, आत गेल्यावर त्याने मतपत्रिकेवर विरोधी पक्षाच्या नावापुढे फुली मारली.

संध्याकाळी छावणीच्या केंद्राची मोजणी संपली. सेनापतींच्या पक्षाला एकही मत नाही! कमोनला घाम फुटला. शेजारचा शिपाई कुजबुजला, "कमोनदादा, आता सगळ्यांची बदली सरहद्दीवर!"

तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. "आपल्या पक्षाला ज्यांनी मत दिलं असेल, त्यांनी हात वर करा!"

झाडून सगळे हात वर गेले.


सगळ्यात आधी साहेबांचा.