राखीव गाडी

"मार्लिस, आर्विड कामावर पोचलाच नाही म्हणे. घरून सहालाच निघालाय!" त्याची बायको घरच्या लँडलाइनवर रडत होती. मार्लिसने उशाचा मोबाइल उचलून पाहिला. एकाच गाडीतून कामावर जाणाऱ्यांच्या, अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या संस्थेची ती बिनपगारी अध्यक्ष. व्हॅनने दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा नियम तिचाच. व्हॅन चुकलेल्याने फोन करून थांब्यावरच उभं राहायचं, राखीव गाडी येणारच, हा शब्दही तिचाच. आज राखीव गाडीवर तीच, आणि मोबाइलचा आवाज बंद करून ती झोपली होती. आर्विडचा सहा पस्तीसचा एकच मिस्ड कॉल. ती थांब्यावर पोचली तेव्हा नऊ वाजले होते, पारा उणे पंचवीस. आर्विड बर्फाला टेकून बसला होता. "म्हटलं, येशीलच," जड जिभेने म्हणत त्याने कप पुढे केला. "तुझ्यासाठी कॉफी ठेवलीय. गार झाली असेल गं." कपात बर्फ खडखडला.