पुठ्ठ्यातलं छिद्र

"ग्रहण सुटेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. कापायचं नाही, चिरायचं नाही, टोचायचं नाही."

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांचा हा आवाज मंदाकिनीबाईंच्या कानांतून गेला नव्हता. गेल्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं, सुनेला नुकते दिवस गेले होते. मंदाकिनीबाईंनी तेच शब्द, त्याच क्रमानं, नीरजाला ऐकवले. नीरजा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती हसली. "आई, माझ्या वाटचंही तुम्हीच बसा," म्हणाली आणि बिल्डिंगमधली मुलं गोळा करून गच्चीवर गेली.

आषाढात मुलगा झाला. त्याच्या हृदयाला छिद्र होतं. बारशाआधीच गेला.

आज दुपारी नीरजा आणि श्रीधर सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडून परत आले. श्रीधर थेट गॅलरीत जाऊन बसला. नीरजा स्वयंपाकघरात आली. मंदाकिनीबाई रोजच्या नेमाच्या वाती वळत होत्या. नीरजा त्यांच्यासमोर फरशीवर बसली. सगळे रिपोर्ट चांगले आलेत, म्हणाली. तिचेही, श्रीधरचेही. पुढच्या खेपेला काळजीचं काही दिसत नाही असं डॉक्टर म्हणाले. मग याच खेपेला का, असं तिनं विचारलं, तर ते म्हणाले, माहीत नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही.

"भला माणूस आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "काहीतरी ठोकून दिलं नाही."

नीरजानं कापसाचा एक पुंजका उचलला आणि चुरगाळत राहिली. वर्गात मीच मुलांना सांगते, म्हणाली, माहीत नाही म्हणायला लाजायचं नाही, सगळं शास्त्र तिथूनच सुरू होतं. मग तिचा आवाज अगदी खाली आला.

"आई, त्या दिवशी गच्चीवर मी पुठ्ठा कापला होता. त्याला टाचणीनं भोक पाडलं. त्या भोकातून उन्हाचा कवडसा पाडला की कागदावर ग्रहण दिसतं, मुलांना दाखवायला." तिनं पुंजका खाली ठेवला. "मी भोक पाडलं."

मंदाकिनीबाईंच्या बोटांतली वात तशीच राहिली.

"या दोन्हींचा काही संबंध नाही, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन," नीरजा म्हणाली. "पण रात्री डोळा लागला की टाचणीच दिसते. तुम्ही म्हणा ना त्यामुळेच झालं म्हणून. निदान कारण तरी मिळेल."

मंदाकिनीबाईंना हो म्हणणं सोपं होतं. सुनेनं पहिल्यांदाच त्यांच्या शास्त्रापुढे मान तुकवली होती. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. सकाळची जास्वंद बाळकृष्णाच्या पायाशी मिटून पडली होती.

"श्रीधरच्या आधी मला मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या.

नीरजानं वर पाहिलं. घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं.

"तिच्या वेळी ग्रहण आलं, तेव्हा मी पाटावर बसून होते. हातात दर्भ. मांडीला मुंग्या आल्या तरी हलले नाही. घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाही. तीही गेली, बारशाआधीच." त्यांनी हातातली वात पुरी वळली. "सासूबाई म्हणाल्या, कुठेतरी हलली असशील. मी कितीतरी वर्षं आठवत बसले होते, कधी हलले."

गॅलरीतली खुर्ची करकरली. श्रीधरनं ऐकलं असावं.

"तरी तुम्ही रोज देवापुढे बसता," नीरजा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "का गेली, हे सांगितलं का त्यानं कधी?"

"नाही गं. तुझ्या डॉक्टरांनाही माहीत नाही, मलाही नाही. पण ते माहीत नसणं एकटीनं कुठवर उचलायचं? मी ते रोज सकाळी त्याच्यापुढे ठेवते. दुसऱ्या दिवशी ते तिथेच असतं."

नीरजाचा इतक्या दिवसांचा बांध तिथे फुटला. मंदाकिनीबाईंनी तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडणं ओसरलं, तेव्हा नीरजानं एवढंच विचारलं, की बाळाला कुठे ठेवलंय. श्रीधर सांगत नाही.

त्यांच्याकडे तशी रीतच होती. एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. पुरुष नेतात, पुरून येतात आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर तिचा जीव तिथेच घोटाळत राहतो, म्हणे. मंदाकिनीबाईंच्या यजमानांनी ती रीत शेवटपर्यंत पाळली. आपली मुलगी या शहरात कुठल्या मातीत आहे, हे मंदाकिनीबाईंना आता कधीच कळणार नव्हतं.

"मी नेते तुला," त्या म्हणाल्या. "तोंड धुऊन घे."

त्या गॅलरीत गेल्या आणि श्रीधरला जागा विचारली. तो खाली रस्त्याकडे बघत राहिला.

"आई, बायकांनी तिथे जायचं नसतं. तूच सांगत आलीस."

"हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रिक्षा बोलव."

त्यांनी पदर खोचला आणि पायांत चपला सरकवल्या. मग नीरजाच्या चपला तिला चटकन घालता येतील अशा, दाराकडे तोंड करून मांडल्या आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.