वीस मिनिटं

"अजून किती वेळ, मॅडम? रक्तवाहिनीला चिमटा लावून बसलोय इथं!"

सर्जनचा आवाज तळघरातल्या लॅबभर घुमला. बाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"तुकडा आत्ता आलाय, सर. वीस मिनिटं लागतील."

"कशाला वीस मिनिटं? एका बाजूला कॅन्सर होऊन गेलाय, आता दुसऱ्या बाजूला गाठ. आंधळ्यालाही कळेल. काढून मोकळं होऊ."

"तुम्ही मोकळे व्हाल हो. त्याचं काय?" बाईंनी फोन आपटला.

बाई पॅथॉलॉजिस्ट. त्यांचा राग नाकावर असतो, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. आज मात्र त्याला कारण होतं. वर टेबलावर बत्तीस वर्षांचा एक पोहण्याचा शिक्षक भूल देऊन निजवला होता. त्याचं डावं वृषण याच सर्जननी तीन वर्षांपूर्वी काढलं होतं. आता उजव्यात वाटाण्याएवढी गाठ. कॅन्सरची निघाली तर हेही जाणार. साधी निघाली तर गाठ तेवढी काढून बाकीचं ठेवता येणार, आणि कधीतरी मूल होण्याची आशाही.

त्याची बायको सकाळी खाली येऊन गेली होती. "कॅन्सर परत येतो का बघू, तोवर मुलाचं थांबवा, असं सर्जन म्हणाले होते, मॅडम. आम्ही थांबलो. घाबरत घाबरत तीन वर्षं गेली. एवढं बघा, घाईनं काही कापू देऊ नका." त्यावर बाई तडक वर गेल्या होत्या आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात उभ्या राहून, नर्सदेखत भांडल्या होत्या. तपासल्याशिवाय काढायचं नाही म्हणजे नाही. तेव्हा कुठं तुकडा खाली आला.

"मामा, याच्या पहिल्या गाठीची, तीन वर्षांपूर्वीची काच काढा. शेजारी ठेवून बघते."

मामा, म्हणजे लॅबचे जुने शिपाई, पाय ओढत मागच्या खोलीत गेले. यंत्रात तुकडा गोठला. बाईंनी त्याचे केसाहून पातळ काप काढले, काचेवर घेतले, रंगवले. फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो वाजू दिला.

मायक्रोस्कोपखाली कातडीच्या पेशींची एक पिशवी दिसली. आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पांढरे थर. बाईंनी दुसरा काप बघितला, मग तिसरा. वाईट पेशी एकही नव्हती. कडेचा भाग निरोगी होता.

"आंधळ्यालाही कळेल म्हणे!" त्या स्वतःशीच फणकारल्या.

तेवढ्यात मामांनी जुनी काच पुढ्यात ठेवली. बाईंनी डोळा लावला. काच काढली, नंबर वाचला, पुन्हा लावली. तीच पिशवी. तेच थर.

"मामा, ही आजचीच काच दिलीत."

"नाही बाई, नंबर बघा ना. आणि न नेलेल्या रिपोर्टांच्या खणात हे पण होतं."

पाकीट होतं. वर सर्जनचं नाव. बाईंनी ते टरकावलं. आत टाइप केलेल्या चार ओळी: साधी गाठ, कॅन्सर नाही. खाली त्यांचीच सही.

काय झालं असणार ते त्यांना उभ्या उभ्या कळलं. हा रिपोर्ट तयार व्हायला आठ दिवस लागले होते. पेशंटला तिसऱ्याच दिवशी घरी सोडलं होतं आणि घरी सोडतानाच्या कार्डावर सर्जनचा अंदाज निकाल म्हणून लिहिला गेला होता. मग दर खेपेला तेच कार्ड बघून तेच पुढच्या कागदावर उतरत गेलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोन उचलला.

"गाठ साधी आहे. तेवढीच काढा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"खात्री आहे? पहिला कॅन्सर होता, मॅडम."

"नव्हता! तीही हीच गाठ होती. तुमच्या नावाचं पाकीट आत्ता मी फोडलंय. तीन वर्षांत एक माणूस खाली पाठवता आला नाही तुम्हाला?"

सर्जन हळूच म्हणाले, "आणि तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

रिपोर्ट न्यायचं काम वरच्यांचं, हे बाई वीस वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगत आल्या होत्या. त्या दिवशीही सही करून, पाकीट खणात टाकून त्या घरी गेल्या असणार. तोच फोन आत्ता त्यांच्या हातात होता. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पाकीट घेऊन त्या जिना चढल्या. थिएटरबाहेर शिक्षकाची बायको भिंतीला धरून उभी होती.

"गाठ साधी निघाली. बाकीचं सगळं शाबूत राहणार," बाई म्हणाल्या.

ती रडायला लागली. "म्हणजे कॅन्सर परत नाही आला?"

बाईंनी पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"तो पहिल्यांदाही आला नव्हता. हे तुम्हाला सांगायला मी तीन वर्षं लावली."