स्वच्छ काचा

भौतिकशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली ती, सरांच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाली होती. महिनाभरातच, अणूतल्या कणांचा माग टिपायला ती वापरत असलेल्या, रसायनाचा लेप दिलेल्या फोटोच्या काचेवर एक बारीक, मध्येच वाकलेली रेघ उमटली.

"सर, हा एखादा नवा कण तर नसेल?"

"अहो, डाग आहे तो. काच धुऊन टाका, पुन्हा वापरता येईल."

रेघ पुढेही अधूनमधून उमटत राहिली.

आठ वर्षांनी परदेशी मासिकात हुबेहूब तीच रेघ छापून आली, नव्या कणाचा शोध म्हणून. सर मासिक घेऊन लगबगीनं तिच्या टेबलाशी आले.

"तुमच्या त्या काचा काढा बरं. पहिला मान आपलाच."

तिनं जुनी वही उघडून पुढे सरकवली. एकोणीस तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: डाग. काच स्वच्छ धुतली.