खेळण्यातली घंटी

मांडीचं हाड मोडल्यापासून आई खालच्या खोलीत पलंगावर, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. तिची उभी हयात रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करण्यात गेलेली. नातवाची मोडकी रिमोटची गाडी मागून घेतली आणि पडल्यापडल्या तिची घंटी करून टाकली. रिमोट उशाशी, घंटी मुलाच्या खोलीत. बटण दाबून धरलं की वाजत राहायची, सोडलं की गप्प. बॅटरी उगाच जायला नको म्हणून घंटीला बंद करायचा खटकाही तिनंच बसवला.

"आई, वर वाजतच नाही गं," मुलगा घंटी खाली आणून म्हणायचा. "खेळण्यातलं सामान ते, त्याची ताकद ती किती?"

खाली छान वाजायची, वर नेली की मुकी. आईनं स्वतःच्याच हाताला बोल लावला. एरियलची तार वाढवली, सेल बदलले, खटका चालू करून घंटी परत वर पाठवली.

रविवारी दुपारी वीज गेली. पंखे, टीव्ही बंद पडले, घर चिडीचूप झालं. तहान लागली म्हणून तिनं बटण दाबलं आणि वरून घंटी खणखणीत ऐकू आली. तिचा चेहरा उजळला. तेवढ्यात वर खट् झालं आणि घंटी थांबली.

तिचा अंगठा अजून बटणावर दाबलेलाच होता.